हात साक्ष देतील

सर्व स्तुती अल्लाहचीच, ज्याने माणसाला काम करणारे हात दिले आणि त्या हातांचा हिशेबही स्वतःकडे ठेवला. दरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी स्वच्छतेला श्रद्धेत स्थान दिले.

बंधू-भगिनींनो, सूरह यासीनच्या पासष्टाव्या आयतीत कयामतच्या दिवसाचे एक दृश्य आले आहे. त्या दिवशी तोंडांवर मोहोर उमटेल, हात बोलू लागतील आणि पाय आपल्या कमाईची साक्ष देतील. ही आयत आपण आजाऱ्याच्या उशाशी आणि मय्यतीच्या घरी कितीदा तरी पठण करतो. साक्ष देणारे हात म्हटले की चोरी करणारा, मारहाण करणारा, खोटी सही करणारा हात आपल्या मनात येतो. एक हात मात्र सहसा ध्यानात येत नाही. तो आहे रुग्णाची सेवा करणारा हात. सलाइन लावणारा, जखम बांधणारा, वृद्धाला अंघोळ घालणारा. हा हात नेक आहे यात शंका नाही. पण तो धुतलेला होता का? प्रस्तुत प्रवचनाचा विषय हाच आहे.

आज आपल्या कितीतरी लेकी-सुना परिचारिका आहेत. आपले मुलगे डॉक्टर, वॉर्डबॉय, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आहेत. कोणी आखाती देशांतील रुग्णालयांत नोकरीला आहे, कोणी दिवसभर परक्या घरी एखाद्या वृद्धाला सांभाळून आपला संसार चालवते. तेव्हा हा प्रश्न केवळ रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा नाही, तो आपल्या घरातल्या रोजीचा आणि म्हणून दीनचाही प्रश्न आहे.

ज्याची माफी कोणाकडे मागावी?

आपले धर्मशास्त्र हक्कांचे दोन भाग करते. एक अल्लाहचे हक्क आणि दुसरे बंद्यांचे हक्क, अर्थात हुकूकुल इबाद. अल्लाहच्या हक्कात उणीव राहिली तर खऱ्या तौबाने तो माफ करील अशी आशा आहे. बंद्याचा हक्क बुडविला असेल, तर तो परत केला पाहिजे अथवा ज्याचा बुडविला त्याच्याकडून माफी मिळविली पाहिजे. सहीह मुस्लिममधील त्या दिवाळखोराची हदीस सर्वांना ठाऊक आहे. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन हजर होईल, परंतु कोणाला शिवी दिली, कोणाचे धन खाल्ले, कोणाचे रक्त सांडले, म्हणून त्याची पुण्ये एकेक करून हक्कदारांना वाटली जातील.

आता विचार करा. मी कोणाचे पैसे बुडविले तर तो माणूस मला ठाऊक असतो. कोणाला दुखविले तर त्याचे दार ठोठावता येते. पण एका रुग्णाची जखम पुसून, हात न धुता मी दुसऱ्याच्या सलाइनच्या सुईला हात लावला. तीन दिवसांनी त्याला ताप भरला. आठव्या दिवशी तो दगावला. त्याला कळले नाही, त्याच्या मुलांना कळले नाही, मलाही कळले नाही. सर्वांनी म्हटले, अल्लाहची मर्जी. माफी कोणी मागावी आणि कोणाकडे? संसर्गाचा हा अपराध असा आहे की त्यात अपराध्यालाच आपला अपराध माहीत नसतो. म्हणून त्याची भरपाई नंतर होत नाही. जी काय भरपाई आहे ती आधी, पाण्याच्या नळाखाली.

व्हिएन्नाचा धडा

हे निव्वळ कल्पनेचे बोलणे नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील अकराहून अधिक माता बाळंतज्वराने दगावल्या. दुसऱ्यात तीनाहूनही कमी. स्त्रिया रडून विनवीत की आम्हाला पहिल्या विभागात नेऊ नका. इग्नाझ सेमेल्वाइस नावाचा तरुण डॉक्टर कारण शोधत होता. मार्च १८४७ मध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडला आणि मरण पावला. त्याच्या शरीरातील खुणा बाळंतिणींसारख्याच होत्या. सेमेल्वाइसच्या ध्यानात आले की डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिगृहात येतात आणि मृत्यू त्यांच्या हातांवर बसून येतो. मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरात अठरावर गेलेले मृत्यू उन्हाळ्यात दोनाच्या आसपास आले.

त्याचे म्हणणे पुष्कळ सहकाऱ्यांनी मानले नाही. सभ्य माणसाच्या हातून रोग कसा पसरेल, हा त्यांचा अभिमान आड आला. सेमेल्वाइसने मात्र १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कबूल केले की, त्याच्यामुळे किती रुग्ण अकाली कबरीत गेले हे एक ईश्वरच जाणतो. तो आपल्या धर्माचा नव्हता. परंतु ज्याला आपण हिशेबाची भीती म्हणतो ती याहून निराळी काय असते? त्याने जाणूनबुजून कोणाला मारले नव्हते. न कळत घडलेल्याची संख्या केवळ ईश्वराजवळ आहे, ही जाणीव त्याला झाली होती.

ठाऊक नाही, म्हणूनच धुवा

या ठिकाणी प्रेषितांची (स.) एक शिकवण आठवावी. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. झोपेतून उठलेल्या माणसाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यात घालू नये, आणि कारण असे सांगितले आहे की रात्री आपला हात कोठे कोठे होता हे त्याला ठाऊक नसते. कारणाकडे लक्ष द्या. हात मळलेला दिसतो म्हणून धुवा, असे म्हटले नाही. ठाऊक नाही म्हणून धुवा, असे म्हटले आहे. आपण सामान्यतः उलट वागतो. हात स्वच्छ दिसतो आहे, मग कशाला धुवायचा? प्रेषितांनी (स.) अज्ञानालाच धुण्याचे कारण ठरविले. शिवाय ते भांडे एकट्याचे नसते, त्यातून सारे घर पाणी घेते.

आजचे आरोग्यशास्त्र याच वाटेने चालते. कोणता रुग्ण कोणता जंतू बाळगून आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच दक्षता घ्यावी, हा त्याचा पाया आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, जखम, सुई अथवा नळी यांसारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा शरीरातील स्राव यांच्याशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि त्याच्या खाटेला व भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. हात दिसण्याइतके मळले असतील तर साबणपाणीच हवे. हातमोजे घातले म्हणून हात धुणे माफ होत नाही. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या, बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरविणाऱ्या उम्मतला हे शिकविण्याची गरज पडू नये.

याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात आणि आपल्यासारख्या देशांत पंधरा जणांना रुग्णालयातच किमान एक संसर्ग होतो. अशा दहांपैकी सरासरी एक त्या संसर्गाने दगावतो. बरे होण्यासाठी गेलेला माणूस रुग्णालयातूनच नवा आजार घेतो, याहून मोठा अमानतभंग कोणता?

तकदीर आणि उंटाची दोरी

काही जण म्हणतात, मौलाना, आजार अल्लाहच्या हुकुमाने येतो. संसर्ग असे काही नाही, असे हदीसमध्येच आहे. खरे आहे, तसे शब्द हदीसमध्ये आहेत. परंतु बुखारीतील त्याच रिवायतीत महारोग्यापासून दूर राहण्याची सूचनाही आहे, आणि आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, हा आदेशही हदीसमध्येच आहे. उलमांनी दोन्हींचा मेळ असा घातला आहे: अज्ञानकाळातील अरब रोगाला स्वयंभू शक्ती मानीत, त्या समजुतीला नकार दिला गेला. अल्लाहने निर्माण केलेल्या कारणांना नकार दिला गेला नाही. हिजरी १८ मध्ये अम्वासच्या प्लेगची बातमी ऐकून हजरत उमर (रजि.) वाटेतून परतले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. हात धुणे हीसुद्धा एक तकदीरच आहे; ती आपल्या हाती दिलेली आहे.

दक्षता म्हणजे तुच्छता नव्हे, हेही त्याच सुन्नतीतून शिकावे. सकीफच्या शिष्टमंडळात एक महारोगी होता. प्रेषितांनी (स.) त्याला निरोप पाठविला की तुझी बैअत स्वीकारली आहे, तू परत जावे. अंतर राखले, पण त्याचा मान कमी केला नाही. रुग्णाजवळ मास्क लावणारी परिचारिका त्याचा अपमान करीत नाही. अपमान तेव्हा होतो, जेव्हा त्याला वेगळ्या खोलीत ठेवून आपण त्याच्याशी बोलणेही सोडतो.

प्रत्येक जण राखणदार

तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या कळपाविषयी त्याला विचारले जाईल, अशा आशयाची हदीस आपण कुटुंबप्रमुखाविषयी सांगतो. ती रुग्णालयालाही लागू आहे, आणि तिची सुरुवात वरून होते. दवाखान्याचा मालक, ट्रस्टचे विश्वस्त, वृद्धाश्रमाचे चालक हे पहिले राखणदार. नळाला पाणी नाही, साबण नाही, हातमोजे मोजून दिले जातात, आणि संसर्ग झाला की दोष सफाई करणाऱ्या मावशींवर! हा अन्याय आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी अशा कर्मचाऱ्यांना कावीळ-ब आणि धनुर्वात यांच्या लसी व संरक्षक साधने देणे आणि वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण देणे संस्थेवर बंधनकारक केले आहे. हे उपकार नव्हेत, हक्क आहेत. अंगात ताप असलेल्या कामगाराची रोजी कापली तर तो ताप लपवून कामावर येईल. मग जो संसर्ग पसरेल त्यात रोजी कापणाऱ्याचाही वाटा असेल.

दुसरा राखणदार डॉक्टर. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या हानीला जबाबदार असतो, हे हदीसने स्पष्ट केले आहे. ज्ञान असून हयगय करणाऱ्याविषयी काय बोलावे? २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात कावीळ-ब ची जीवघेणी साथ पसरली, तेव्हा वापरलेल्या सुया व सिरिंज पुन्हा वापरण्याचा प्रकार उघडकीस आला. काही रुपये वाचले आणि किती घरे उजाड झाली!

तिसरे राखणदार सेवक. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकावी. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. चुकीच्या पिशवीतील सुई रात्री कचरा उचलणाऱ्या गरिबाच्या हातात घुसते. तो तुमचे नाव विचारायला येणार नाही, अल्लाह विचारील. सेवकाचे स्वतःचे शरीरही अमानत आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. आज हातमोजे, मास्क आणि लसी उपलब्ध आहेत. त्या नाकारणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंट बांधून मग भरवसा ठेवावा, हीच शिकवण आहे.

मोठे डॉक्टर हात न धुता पुढे निघाले तर लहान परिचारिकेने नम्रपणे आठवण करून द्यावी. ही नसीहत आहे, उद्धटपणा नव्हे. आणि मोठ्यांनी ती आभार मानून स्वीकारावी.

दोन शंकांचे निरसन

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते, ते लावून नमाज होईल का, असे अनेक भगिनी विचारतात. सॅनिटायझर प्यायचे नसते, ते बाहेरून लावायचे असते आणि हातावर उडून जाते. मक्केतील राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिकह परिषदेने २००२ मध्ये जंतुनाशक म्हणून अल्कोहोलचा बाह्य वापर वैध ठरविला आहे. या शंकेपायी रुग्णाला धोक्यात घालू नये. दुसरी शंका बाह्यांची. रुग्णसेवेत कोपरापर्यंत हात उघडे ठेवण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो. ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २०१० मध्ये धार्मिक कारणाने हात झाकू इच्छिणाऱ्यांना एकदा वापरून टाकून देण्याच्या बाह्यांची मुभा दिली. अशी सोय आपल्याकडेही विनंती करून मागता येईल. परंतु मळलेली लांब बाही रुग्णाच्या जखमेवर लोंबू देणे हया नव्हे.

इयादतचे अदब

आता आपण, जे रुग्णालयात नोकरी करीत नाही. आजाऱ्याची विचारपूस ही सुन्नत आहे आणि आपल्या समाजाने ती जपली आहे. पण एका खाटेभोवती पंधरा माणसे, खाटेच्या कडेवर बसलेली मुले, हात न धुता खजूर भरविणारी काकी, सर्दी असूनही दम करण्यासाठी तोंडाजवळ वाकलेले चाचा, हे इयादतचे अदब नव्हेत. दोघांनी जावे, हात धुऊन आत जावे, थोडा वेळ बसावे, दुआ करून निघावे आणि बाहेर पडताना पुन्हा हात धुवावेत. सर्दी-ताप असेल त्याने फोनवर सलाम सांगावा. नियत खरी असेल तर अल्लाह त्याचा मोबदला राखून ठेवील. शिंकताना चेहरा हाताने अथवा कापडाने झाकणे ही प्रेषितांची (स.) सवय होती. घरी अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांची सेवा करतानाही हेच नियम पाळावेत. घर म्हणून जंतू सूट देत नाहीत.

भगिनींनो आणि बांधवांनो, मागे जे न कळत घडले त्यासाठी इस्तिगफार करावा आणि ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत अशा रुग्णांसाठी दुआ करावी, त्यांच्या नावे सदका द्यावा. पुढे जे घडायचे आहे ते मात्र आपल्या हातात आहे. रात्रपाळीत, वॉर्डात कोणी पाहत नसताना, थकलेल्या अवस्थेत नळाशी घालविलेला तो एक मिनिट कदाचित आपल्या नेकीच्या पारड्यात सर्वांत जड भरेल. कारण त्याला अल्लाहशिवाय साक्षीदार नसतो, आणि ज्या दिवशी तोंडे बंद होतील त्या दिवशी तेच हात बोलतील.

हे अल्लाह, आमच्या हातांना शिफाचे साधन बनव, आजाराचे नको. जे रुग्णांच्या सेवेत आहेत त्यांना आरोग्य, धीर आणि दक्षता दे. जे आजारी आहेत त्यांना पूर्ण शिफा दे. आणि ज्या दिवशी आमचे हात बोलतील, त्या दिवशी त्यांची साक्ष आमच्या बाजूने असू दे. आमीन.