बुधवारची सही

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं की बऱ्याच घरांत जमिनीचा विषय निघतो. तोवर कुणी काढत नाही, बरं दिसत नाही म्हणून. मग एक दिवस भाऊ तालुक्याला जाऊन कागद करून आणतो आणि बहिणीला निरोप जातो: अमक्या दिवशी ये, आधार कार्ड आण, दोन फोटो आण. हे हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकासमोर दोन साक्षीदारांनिशी ते नोंदवलं जातं, तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावरचं बहिणीचं नाव निघतं. पुष्कळदा ते लागलेलं असतं जेमतेम काही आठवडे.

कायद्याची बाजू आता पुरेशी स्पष्ट आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं वारस केलं, पण वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मतःचा हिस्सा मुलाकडेच राहिला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये तो मुलींना दिला, मात्र आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभरातल्या मुलींना, लग्न झालेलं असो वा नसो, तो मिळाला. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उरलेली शंकाही काढून टाकली: मुलीचा हक्क जन्मानं येतो, 2005 साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. हिस्सा बहिणीचा आहे, एवढं कायदा सांगतो. पेन हातात घेतल्यावर तिनं काय करावं, हे तो सांगत नाही आणि सांगूही नये.

पुढचं बोलणं कल्पिलेलं आहे. पण अशी बोलणी मी इतक्या घरांत ऐकली आहेत की त्यातलं एकही वाक्य मला परकं वाटत नाही. गाव कोरेगाव तालुक्यातलं. साडेतीन एकर रान, त्यात आलं आणि सोयाबीन. बोलणाऱ्या दोघी नणंद-भावजय. नणंद, म्हणजे ताई, पुण्यात बँकेत नोकरीला आहे, आजारी आईला बघायला आली आहे. आई आतल्या खोलीत झोपलेली. भाऊ रानात. वडील, अण्णा, आता नाहीत.

वहिनी: ताई, बुधवारी अकराची वेळ मिळालीय रजिस्ट्रार कचेरीत. ह्यांनी विचारायला सांगितलंय, तोवर थांबताय ना?

ताई: थांबेन. पण तो कागद मी काल रात्री वाचला, वहिनी. त्यात लिहिलंय की मी स्वखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय माझा हिस्सा सोडतेय. मला तर कुणी काही विचारलंच नव्हतं. माझी खुशी टाइप होऊन आली आणि मला ती वाचून कळली.

वहिनी: वकिलाचं लिहिणं असतं ते. सगळ्यांच्या कागदात तेच असतं. तुमच्या मनात द्यायचं नाही का?

ताई: तसं नाही. अण्णा गेले तेव्हाच मनात आलं होतं की जमीन दादाकडेच राहू दे. त्यानं एकदा म्हटलं असतं, तुझाही हिस्सा आहे, काय करूया, तर मी त्याच क्षणी म्हणाले असते, तूच ठेव. आता तेच म्हणायला जीभ वळत नाही.

वहिनी: मग हा मानपानाचा प्रश्न झाला. जमिनीचा नाही.

ताई: मानपान म्हणा. पण मला नाही म्हणता येणारच नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं, आणि मग मी हो म्हणायचं, तर ते माझं देणं कसं? घेऊन तर आधीच झालंय. माझी सही म्हणजे नुसती पावती.

ताईच्या या बोलण्याला अहंकार म्हणून बाजूला सारणारे खूप भेटतील. मला ते पटत नाही. आपल्या घरांत बाईचा होकार इतका गृहीत धरलेला असतो की तो मागण्याची गरजच कुणाला भासत नाही, आणि मग ती जे देते ते कुणाच्या नजरेला दिसतही नाही. ताईला जमीन नको आहे. तिला दिसायचं आहे.

वहिनी: बहिणी सोडतातच हो. तुमच्या आत्यांनी सोडलं. आणि तुमच्या शिक्षणाला, लग्नाला खर्च झालाच की. अर्धा एकर विकला होता अण्णांनी.

ताई: शिक्षणाचं मान्य. ते माझ्याजवळ आहे, त्यावरच माझं पोट चाललंय. पण दादाही शिकला, त्याचा खर्च कुणी त्याच्या हिश्श्यातून वजा धरला नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर जेवणावळी, मानपान, सासरच्यांचे आहेर. तो अर्धा एकर माझ्या सासरी गेला, वहिनी. माझ्याकडे नाही आला.

वहिनी: बरं, तो हिशोब राहू द्या. पण आईंचं काय? रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, कूस बदलून द्यावी लागते. तुम्ही येता, औषधाचे पैसे पाठवता, नाही म्हणत नाही मी. पण रोज इथं असायचं ते निराळं असतं. जो करतो त्याला जमीन राहिली तर त्यात अन्याय कसला?

ताई: रात्री कोण उठतं?

वहिनी: मीच. हे दिवसभर रानात असतात.

ताई: मग केलेल्याचं म्हणून जमीन द्यायची, तर ती दादाला का जायची?

वहिनी: ह्यांचं ते माझंच.

ताई: सातबाऱ्यावर लिहिलंय तसं?

वहिनीनं उत्तर दिलं नाही, आणि देण्यासारखं उत्तर नाहीही. मुलगी जन्मानं हिस्सेदार होते, विधवा नवऱ्याच्या मृत्यूनं. मधली जी सगळी वर्षं बाई त्या रानात लावण करते, खुरपते, काढणीला वाकते, त्या वर्षांत तिचं नाव नवऱ्याच्या जमिनीवर कुठंच नसतं. माहेरी ती सही करून येते आणि सासरी तिच्या सहीची गरजच पडत नाही.

वहिनी: मीही सही केलीय, ताई. माझ्या माहेरी. धाकटा पोटात होता तेव्हा. भाऊ न्यायला आला होता. कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला. घरी गेल्यावर भावजयीनं ओटी भरली, साडी दिली. मला फार बरं वाटलं होतं, खोटं नाही सांगत. भावासाठी आपण काहीतरी केलं, असं.

ताई: आणि आता?

वहिनी: आताही वाईट नाही वाटत. तेच सांगतेय तुम्हाला. मलाही कुणी विचारलं नव्हतं. पण मी मनानं दिलं. मनानं दिलं असेल तर कुणी विचारलं की नाही, याला काय महत्त्व?

ताई: तुमच्या भावाला कधी वाटलं का, की बहिणीनं आपल्याला काही दिलं?

वहिनी: (थोडं थांबून) नाही. त्याला वाटतं ते त्याचंच होतं. मागं ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी थोडे पैसे मागितले होते, बघतो म्हणाला. पण त्याला तसं वाटावं म्हणून मी दिलं नव्हतं. देणाऱ्यानं विसरून जावं.

ताई: देणाऱ्यानं विसरावं, घेणाऱ्यानं विसरू नये. पण आपल्याला काही मिळालंय हेच घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो लक्षात तरी काय ठेवणार? देवऋण, ऋषिऋण, पितृऋण असं आपण मोजत आलो. बहिणीचं ऋण त्यात कधी आलं नाही, कारण तिनं सोडलं तेव्हा तिचं काही होतं असं कुणी मानलंच नाही.

वहिनी: म्हणजे ह्यांनी आयुष्यभर तुमच्या ऋणात राहायचं? मला नाही आवडायचं ते. आता भाऊबीजेला तुम्ही येता तेव्हा दोघं बरोबरीनं बसता. उद्या एक देणारी आणि एक घेणारा होईल. न बोलता होतं तेच बरं नाही का? कुणाची मान खाली जात नाही.

हे मला ऐकण्यासारखं वाटतं. रूढीत एक सोय असते: ती देणं लपवते, म्हणून घेणाऱ्याला ओझं होत नाही. घरातला गोडवा कित्येकदा अशा न बोललेल्या गोष्टींवरच उभा असतो. ताईनंही ते लगेच खोडून काढलं नाही.

ताई: मान खाली जायची तर माझीही जायला हवी. दरवर्षी इथून ज्वारी येते, हरभरा येतो, उन्हाळ्यात कुरडया-पापड येतात. मी सगळ्यांना सांगते, माझ्या माहेरचं आहे. ते करतं कोण? तुम्ही. मी तुमच्या ऋणात आहेच, आणि त्यानं आपल्यातलं काही बिघडलेलं नाही.

वहिनी: कुरडयांची गोष्ट निराळी. तुम्हाला पुण्यात बसून इथली अडचण दिसत नाही. सामाईक सातबारा असला की सोसायटीच्या पीककर्जाला सगळ्यांची संमती. ठिबकच्या अनुदानाला सगळ्यांची संमती. उद्या तुमच्या मागं तुमच्या मुलांची नावं लागतील. त्यांना आपला बांध कुठला तेही ठाऊक नाही. आमच्या शेजारच्या गटात एवढी नावं झालीत की विहिरीचं काम वर्षानुवर्षं अडलंय, एक सही मुंबईत सापडत नाही म्हणून. जो राबतो त्यानं दरवेळी पुण्याला फोन करायचा, ताई, सही द्या. ह्यांना किती लागेल ते मनाला?

ताई: हे खरं आहे. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

या अडचणीला चोख उत्तर कुणाकडेच नाही. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून 1947 मध्येच तुकडेबंदीचा कायदा आला, तरी बांध वाढत गेले. पण ते वाढले भावाभावांच्या वाटण्यांनी. ताईच्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली तेव्हा, जमीन एकत्र राहावी म्हणून एकानं सोडून द्यावं, असं कुणी सुचवलं नव्हतं. तुकड्यांची काळजी बहिणीचं नाव आलं की जागी होते. म्हणून ती काळजी खोटी ठरत नाही, फक्त तिचा सगळा भार एकाच बाजूला पडतो.

ताई: एक सुचतंय मला. हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच नावे होते, म्हणजे तुमच्या नावे मी सोडू शकत नाही. पण लक्ष्मी मुक्ती ऐकलंय तुम्ही? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ती मोहीम काढली होती, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. पुढं सरकारनंही त्याच नावानं सोय केली. नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. मी सही करते. पण ज्या दिवशी माझा हिस्सा सुटेल, त्या दिवशी तुमचं लागलं पाहिजे.

वहिनी: ही अट झाली. मघापासून मोकळ्या मनानं देण्याचं बोलताय, आणि आता अट घालताय?

ताई: हो, अट आहे. दादाला माझं मी द्यायला तयार आहे. पण ज्या रानात तुमची निम्मी मेहनत आहे ते त्याला एकट्याला देताना मला मोकळं वाटत नाही.

वहिनी: आणि हे नाही म्हणाले तर? तुम्ही सही करणार नाही. बोल मला लागेल. गाव म्हणेल, भावजयीनं नणंदेला शिकवलं. तुम्ही पुण्याला जाल, ताई. मी इथं असेन.

ताई: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वहिनी: आणि दुसरं. माझं नाव लावायचं असं तुम्ही ठरवलंत, पण मला हवंय का, ते कुठं विचारलंत?

ताईची बाजू इथवर मला जास्त पटत होती. पण वहिनीच्या या प्रश्नानं पारडं फिरतं. चांगल्या हेतूनंही माणूस दुसऱ्याच्या वतीनं ठरवून मोकळा होतो. भावानं बहिणीचा होकार धरून चालणं आणि बहिणीनं भावजयीचा होकार धरून चालणं, यांत फरक आहे, मोठा फरक आहे: पहिला स्वतःसाठी मागतो, दुसरी समोरच्यासाठी. तरीही ज्याचं नाव, त्यालाच विचारायचं राहून गेलं, हे दोन्हीकडे घडलं.

ताई: नाही विचारलं. आता विचारते. हवंय का तुम्हाला?

वहिनी: हवंय. आज नाही, केव्हापासून हवंय. पण तुमच्या सहीच्या बदल्यात नको. तसं लागलं तर ह्यांना कायम वाटेल, ताईनं लावायला लावलं. मी बोलेन ह्यांच्याशी. माझ्या रीतीनं, माझ्या वेळेला. कदाचित हे नाही म्हणतील. ते मी बघेन.

ताई: मग अट मागं घेतली. पण बुधवारी मी सही करणार नाही, वहिनी. आधी वारस नोंद होऊ दे. तिघांची नावं लागू देत. एकदा दादाला ते नाव तिथं दिसू दे. हक्कसोडीला काही मुदत नसते, पुढं मला सोडायचं असेल तर तेव्हाही सोडता येईल.

वहिनी: आणि तोवर सोसायटीच्या कर्जाला सही लागली तर?

ताई: फोन करा. मी येईन. दादानं नाही केला तर तुम्ही करा.

वहिनी: तुमचं नाव आधी लावायचं आणि मग काढायचं, यात मला अजूनही दुप्पट हेलपाटा दिसतो.

ताई: दिसू दे. तेवढा मला हवाय.

वहिनी: बुधवारची वेळ ह्यांना रद्द करायला सांगावी लागेल. ते तुम्ही सांगा, तुमचा भाऊ आहे तो. पण त्याआधी आईंना उठू दे. तिघांतला एक हिस्सा त्यांचा आहे, आणि त्यांना तर अजून कुणीच काही विचारलेलं नाही.