खोकला त्याचा, परीक्षा आपली



२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच दिवशी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा दिवस बहुधा उपवासकाळात येतो, म्हणून एक जुनी कबुली द्यावीशी वाटते.

मी कॉलेजच्या वसतिगृहात राहत होतो. माझा खोलीतला सोबती आजारपणामुळे गावी गेला आणि दोन महिन्यांनी परतला. एका रात्री दिवा मालवल्यावर तो म्हणाला, "मला टीबी झालाय. दीड महिना झाला, गोळ्या चालू आहेत. कोणाला सांगू नकोस."

मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. तरी दुसऱ्याच दिवशी रेक्टरांकडे जाऊन, अभ्यासाचे निमित्त सांगून, मी खोली बदलून घेतली. त्याचे गुपित मी फोडले नाही. पण मी गादी उचलत असताना तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याला सारे कळले होते.

माझे नेमके काय चुकले? अज्ञान म्हणावे, तर मला माहिती होती. मात्र ती अर्धवट होती.

आजच्या कॉलेजातल्या मुलामुलींशी बोलताना मला माझेच तरुणपण दिसते. क्षय जंतूंमुळे होतो आणि औषधाने बरा होतो, हे ती चटकन सांगतात. पण "एका ताटात जेवल्याने होतो का?" असे विचारले की अडखळतात. आणि "अशा मित्राबरोबर एका खोलीत राहशील का?" असे विचारले की खाली बघतात.

क्षय ताटवाटीने, कपड्यांनी किंवा हस्तांदोलनाने पसरत नाही. तो आनुवंशिकही नाही. फुप्फुसाचा क्षय असलेला रुग्ण खोकतो, तेव्हा जंतू हवेत जातात. ते शरीरात शिरले तरी १०० पैकी ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. योग्य औषधे नियमित सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासूनचा धोका खूपच कमी होतो. साध्या क्षयाचा औषधोपचार साधारणतः सहा महिन्यांचा असतो. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना घरीच औषधे दिली. घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त धोका पोचला नाही, असे दिसून आले. म्हणजे माझा मित्र माझ्याजवळ आला, तेव्हा भिण्याचे दिवस जवळजवळ संपले होते.

मग भीती हे पाप आहे का? मला तसे वाटत नाही. औषध सुरू होण्यापूर्वी धोका खराच असतो आणि घरातल्या तान्ह्या बाळाची काळजी करणारी आई चुकत नाही. पण भीती आणि झिडकारणे यांत फरक आहे. प्रामाणिक भीती प्रश्न विचारते आणि उत्तर मिळाले की शांत होते. मी प्रश्नच विचारला नाही. "डॉक्टर काय म्हणाले?" एवढे विचारले असते तरी पुरे होते. मला उत्तर नको होते, अंतर हवे होते. माझी चूक ती.

अशा वागण्याने आपण सुरक्षितही होत नाही. एकाला दूर लोटलेले पाहून दुसरा खोकला लपवतो, मुलीचे लग्न मोडेल म्हणून आईबाप तपासणी टाळतात आणि औषधाविना आजार घरभर फिरतो. ज्याला आपण भितो, त्यालाच आपल्या वागण्याने वाढवतो.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने वारल्या, तेव्हा त्या अवघ्या २१ वर्षांच्या होत्या. बाळयेशूची संत तेरेजा १८९७ साली २४ व्या वर्षी याच आजाराने गेली. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. आज सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. पण ती घेण्यासाठी आधी कोणाजवळ तरी "मला झालंय" असे म्हणता आले पाहिजे.

रुग्णाचेही कर्तव्य आहेच: तोंडावर रुमाल धरावा आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. कारण त्यातून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवतो आणि तो इतरांनाही होऊ शकतो. पण सहा महिने एकट्याने निभावणे कठीण असते. सोबत देणे हे आपले काम.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. आणि कोणी विश्वासाने आपला आजार सांगितला, तर उठून जाऊ नका.

माझा तो मित्र पूर्ण बरा झाला. पुढे तो भेटला, हसून बोलला, त्या रात्रीचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. तेवढे मात्र अजून राहून गेले आहे.