आता तरी हात आवर

आधी ऐक. काही घालू नकोस. घटपर्णीची पानं पिवळी पडली, घडे सुकले आणि तू मलाच विचारतोस, ‘बाई, आता कोणतं खत घालू?’ अरे, खतानंच तर तिची ही दशा झाली! नर्सरीतून घड्यांनी लगडलेलं झाड आणलंस आणि घरी आल्या आल्या लाल मातीत गांडूळखत कालवून त्यात बसवलंस. का, तर गुलाबाला मानवतं म्हणून! माझ्याकडे वनस्पतिशास्त्र शिकलास ना तू? कीटक धरणारी झाडं कसल्या जमिनीत वाढतात, हे वहीत उतरवून घेतलंस आणि वही मिटलीस.

जिथे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच, अशा जागी तगण्यासाठी हे झाड पानाच्या टोकाला घडा काढतं. अन्न ते इतर झाडांसारखं उजेडातच तयार करतं. किड्यांकडून घेतं ते जमिनीत न मिळालेलं नत्र आणि स्फुरद. त्याच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. कासच्या पठारावर जाऊन आलास, फोटो दाखवलेस. जांभ्यावर बोटभर माती, पावसानं सत्त्व धुऊन नेलेलं, आणि तिथेच दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात. ती दोन्ही किडे खाणारीच. तुझ्या पायाशी होती ती. वाकून पाहिलं असतंस, तर ही कुंडी वाचली असती.

पाण्याचंही तेच. आधी नळाचं घातलंस, मग म्हणे आरओचं. त्या यंत्रात चवीसाठी खनिजं परत मिसळणारी नळी आहे का, ते बघितलंस? पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, ५० पीपीएमच्या खाली हवेत. मीटर बुडवून बघ, अंदाज नको. आणि पावसाचं पाणी का नाही धरलंस? बोरीवलीत राहतोस तू. कान्हेरी लेण्यांतल्या भिक्षूंनी कातळात पन्हळी खोदून पोढ्यांत, म्हणजे टाक्यांत, पाऊस साठवला, तो तुझ्या घराजवळच्याच डोंगरात. तुला एक पिंप भरून ठेवता आलं नाही? पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, त्यात गच्चीची धूळ असते. पुढचं घ्यायचं आणि झाकण घट्ट लावायचं. कुंडीखालची ती तुडुंब ताटली आजच रिकामी कर. तिनं मुळं कुजतात आणि डास होतात. डास कमी व्हावेत म्हणून झाड आणलंस ना? रानात काही डासांच्या अळ्या घटपर्णीच्या घड्यातल्या पाण्यातच वाढतात.

पनीरचं ऐकून मात्र मी खरोखर संतापले. घड्यात पनीरचा तुकडा टाकायचा, झाकण मिटेल म्हणून मोबाइल धरून बसायचं, मिटलं नाही की बोटानं दाबायचं! ते झाकण मिटत नसतं. ओल्या कडेवरून मुंगीचा पाय घसरतो, ती आत पडते, आतल्या गुळगुळीत भिंतीवर तिला चढता येत नाही, एवढीच ती योजना. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरनं अंड्याचा पांढरा भाग आणि मांस घड्यात घालून पाहिलं होतं आणि १८७४ साली त्यावर व्याख्यानही दिलं. पण तो पचन कसं होतं ते तपासत होता. तू करमणूक करत होतास. पनीर कुजलं, घडा काळा पडला, तर तू आतलं पाणी ओतून घडा नळाखाली धुतलास. अरे, ते पाणी नव्हे, झाडाचा पाचक रस होता तो!

दमटपणा हवा म्हणून कुंडी न्हाणीघरात ठेवलीस. बोरीवलीत जुलै महिन्यात दमटपणा विकत आणावा लागतो का? कमी पडला तो उजेड. उजेड नसला की पानं येत राहतात, घडे धरत नाहीत. पूर्वेच्या खिडकीत ठेव. सकाळचं कोवळं ऊन पुरे. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये मे महिन्याच्या दुपारी पानं करपतील.

आणि ‘हे गेलं तर मेघालयातून असली मागवतो’ हे पुन्हा माझ्या कानावर येता कामा नये. नेपेन्थिस खासियाना ही भारताच्या मुख्य भूमीवरची एकमेव घटपर्णी, गारो-खासी-जैंतिया डोंगरांपुरती उरलेली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे, साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचं नाव आहे, बाघमाराला खास तिच्यासाठी अभयारण्य राखलंय. रानातून उपटलेलं रोप विकत घेणारा माझा विद्यार्थी नाही. रोपवाटिकेत वाढवलेले संकर मिळतात, नवशिक्याला तेच पेलतात.

उद्या संध्याकाळी कुंडी घेऊन ये. मुळांची माती पावसाच्या पाण्यात हलक्या हातानं सोडवू आणि स्फॅग्नम मॉस व परलाइटमध्ये लावू. दोन्ही तू आणायचंस. वाळलेले घडे कापायचे, हिरव्या पानाला हात लावायचा नाही. नवा घडा यायला महिने लागतील. तोवर मॉस ओलसर ठेवायचं आणि रोज काय दिसलं ते तारखेनिशी लिहायचं. ती वही मी दर रविवारी तपासणार आहे.