बाग कोणाची?

जुन्या ऐतिहासिक बागा पाहून परतलेल्या बांधवांच्या तोंडून बहुधा दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. श्रीनगरच्या शालीमार बागेतील कारंजी किंवा ग्रॅनाडाच्या अलहंब्रातील पाण्याचे पाट आठवून एक जण अभिमानाने म्हणतो, "हे आमच्या पूर्वजांचे वैभव!" दुसरा अधिक दीनदार वृत्तीचा असतो. तो मान हलवून म्हणतो, "रयतेच्या घामावर केलेला हा सारा इसराफ; त्यात पाहण्यासारखे काय आहे?" एकाच्या स्वरात गर्व आहे, दुसऱ्याच्या स्वरात तिरस्कार. तरीही दोघे एक गोष्ट विचार न करता मान्य करून टाकतात, ती ही की बाग तिची उभारणी करविणाऱ्या बादशहाची असते. हेच गृहीत तपासून पाहण्याची गरज आहे. बाग कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आपण जसे देऊ, तसा आपला तेथील वावर ठरेल.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की इस्लामला बागेचे वावडे नाही. 'जन्नत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थच बाग असा आहे. ज्या धातूपासून तो बनला, त्याचा अर्थ झाकणे, आच्छादणे. दाट झाडीने झाकलेली भूमी ती जन्नत. मरणोत्तर जीवनातील सुखाचे वर्णन करताना पवित्र कुरआन वारंवार वाहत्या प्रवाहांच्या बागांचा उल्लेख करते. चार पाटांनी विभागलेल्या 'चारबाग' रचनेचा संबंध अनेक जण याच वर्णनाशी जोडतात. मात्र न्यायाने सांगायचे तर ही रचना इस्लामपूर्व इराणमध्येही होती. पसर्गादे येथे सम्राट कुरुशच्या राजवाड्यापाशी दगडी पाटांनी आखलेल्या बागेचे अवशेष आहेत आणि ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे ज्याला आपण 'आमचे' म्हणतो, तेही आपल्याला कोणाकडून तरी मिळालेले आहे.

कुरआनमध्ये बागमालकांचे दोन दृष्टांत आहेत. सूरह कहफमध्ये दोन बागांच्या धन्याची कथा येते. द्राक्षांचे मळे, भोवती खजुरीची झाडे, मधून वाहणारा प्रवाह, असे सारे अल्लाहने त्याला दिले होते. त्याचा अपराध बाग असणे हा नव्हता. ही बाग कधी नष्ट होईल असे मला वाटत नाही, हे त्याचे बोलणे हा अपराध होता. त्याच्या सोबत्याने त्याला समजावले की बागेत शिरताना तू अल्लाहच्या इच्छेचे आणि सामर्थ्याचे स्मरण करायला हवे होतेस. दुसरा दृष्टांत सूरह कलममध्ये आहे. काही बागमालकांनी ठरविले की पहाटे लवकर फळे तोडून आणायची, म्हणजे एकही गरीब आत येणार नाही. ते झोपेत असतानाच त्यांची बाग उद्ध्वस्त झाली. या दोन कथांतून बागेच्या दोन कसोट्या मिळतात. धनी तिला शाश्वत तर समजत नाही ना? आणि तिचे दार गरिबांसाठी बंद तर नाही ना?

आता शालीमारकडे पाहू. इ.स. १६१९ मध्ये जहांगीरच्या काळात ती आकाराला आली आणि पुढे शाहजहानच्या काळात वाढविण्यात आली. तिचा सर्वांत वरचा टप्पा जनान्यासाठी राखीव होता. दुसऱ्या कसोटीवर ही बाग कशी उतरेल? जिच्या मातीत मजुरांनी घाम गाळला, तिच्या वरच्या सावलीत त्यांना बसता येत नव्हते. तिरस्कार करणाऱ्या बांधवाच्या म्हणण्यात एवढे सत्य निश्चित आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु आज त्याच टप्प्यावर एखाद्या खेड्यातून आलेले कुटुंब शिदोरी सोडून निवांत जेवते. राज्य गेले आणि बागेचे दार उघडले. मालक असताना जी बाग मूठभरांची होती, ती मालक गेल्यावर सर्वांची झाली.

पहिली कसोटी शाश्वततेची. किल्ला शंभर वर्षे ओस पडला तरी त्याच्या भिंती उभ्या राहतात. बाग तशी नाही. एक उन्हाळा पाणी तोडले की ती संपते. आपण जिला चारशे वर्षांची बाग म्हणतो, तिच्यातील बहुतेक फुलझाडे काही वर्षांचीच असतात. मग तिच्यात जुने काय असते? काबूलमधील बाबरच्या बागेने याचे उत्तर दिले आहे. १९९० नंतरच्या दशकातील यादवी युद्धात तेथील झाडे तोडली गेली, वाळून गेली. पुढे २००२ नंतर पुनर्बांधणीचे काम सुरू झाले, तेव्हा जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर आणि जुन्या पाण्याच्या मार्गावर नवी झाडे लावण्यात आली. ग्रॅनाडाच्या जनरलिफ बागेत १९५८ साली आग लागली. त्यानंतरच्या उत्खननात आजच्या जमिनीखाली मुस्लिम काळातील वाफे आणि सिंचनाची व्यवस्था आढळली. बागेत जुनी असते ती जमिनीची आखणी, पाण्याची वाट आणि रोज पाणी घालणाऱ्या हातांची अखंड साखळी. तीतील एक कडी निखळली असती तर आपण काय पाहायला गेलो असतो?

ग्रॅनाडाचे राज्य २ जानेवारी १४९२ रोजी संपले. ज्या सुलतानांनी दार्रो नदीचे पाणी कालव्याने डोंगरावर खेळविले, त्यांचे वंशज तेथून निघून गेले. त्या राजवाड्याच्या भिंतींवर मात्र त्यांनीच शेकडो ठिकाणी कोरून ठेवले आहे की अल्लाहशिवाय दुसरा कोणी विजयी नाही. आपल्या राज्याविषयीचा निकाल त्यांनी आपल्याच भिंतीवर लिहून ठेवला होता. आणि बाग? ती त्यांच्यानंतर पाचशे वर्षे इतरांनी राखली. त्यांचा धर्म वेगळा होता, भाषा वेगळी होती, तरी ती त्यांनी राखली. 'आमच्या पूर्वजांचे वैभव' म्हणणाऱ्याने या अनोळखी माळ्यांचेही ऋण मानले पाहिजे.

श्रीनगरच्याच निशात बागेविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. ही बाग शाहजहानचे सासरे आसफ खान यांनी दल सरोवराच्या काठी बांधविली. बादशहाला ती इतकी आवडली की त्याने तीन वेळा तिची स्तुती केली. आसफ खान ती नजर करतील अशी त्याची अपेक्षा होती. ते गप्प राहिले. रागावलेल्या बादशहाने बागेचे पाणी तोडले. पाट कोरडे पडले, कारंजी थांबली, आसफ खान सुकत चाललेल्या बागेत खिन्न बसून राहिले. एके दिवशी त्यांच्या एका सेवकाला ते पाहवेना. त्याने जिवावर उदार होऊन पाण्याचा बांध मोकळा केला. बादशहाच्या कानी हे गेले, तेव्हा शिक्षा करण्याऐवजी त्याने त्या सेवकाच्या निष्ठेची कदर केली आणि बागेला पाण्याचा हक्क दिला. कथा अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. बादशहाला बाग हवी होती, वजिराला ती सोडवत नव्हती. दोघांच्या हट्टात बाग मरत होती. ती वाचविली तिच्यावर कसलाच हक्क नसलेल्या माणसाने. त्याचे नाव आख्यायिकेलाही ठाऊक नाही, पण ज्याला ठाऊक असायला हवे त्याला ते ठाऊक आहे.

मालकी आणि राखण यांतील हा भेद आपल्या शरीअतने 'वक्फ'च्या रूपाने फार पूर्वीच स्पष्ट केला आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे उत्तम जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. प्रेषितांच्या सल्ल्यानुसार त्यांनी मूळ जमीन रोखून ठेवली आणि तिचे उत्पन्न दान केले. ती विकली जाणार नव्हती, भेट दिली जाणार नव्हती, वारसांत वाटली जाणार नव्हती. उत्पन्नाचे धनी होते गरीब, नातलग, गुलामांची मुक्तता, वाटसरू आणि पाहुणे. आणि जो तिची देखभाल करील, त्याने रीतीप्रमाणे त्यातून खाण्यास हरकत नव्हती. या व्यवस्थेत राखणदाराचा हिस्सा आहे, पण मालक म्हणविणाऱ्या माणसाला जागा नाही.

याचा एक नमुना पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मराठवाड्यात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आहे. डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नहरीतून तेथे आणले आहे. उंचावरून पडणारे हेच पाणी हौद भरते आणि डोळ्यांना गारवा देते. त्याच पाण्याच्या बळावर जाते फिरत असे आणि दर्ग्याच्या आश्रयाला आलेल्यांसाठी पीठ दळले जात असे. सौंदर्य आणि भाकरी एकाच धारेतून! इसराफ कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे समजून घ्यायचे असेल तर त्या हौदाच्या काठी काही वेळ बसावे.

तेव्हा जुन्या बागांना जरूर भेट द्यावी. पृथ्वीवर फिरा आणि पूर्वीच्यांचा शेवट पाहा, अशी शिकवण कुरआननेच दिली आहे. पण प्रवेश करताना अल्लाहचे स्मरण करावे. झाडाच्या बुंध्यावर, दगडावर आपले नाव कोरू नये. ज्यांनी बाग उभारली त्यांची नावेही तेथे फलकावरच उरली आहेत. नमाजची वेळ झाली तर कोणाची वाट न अडविता एका कडेला ती अदा करावी. आणि बाहेर पडताना नळी हातात धरून वाफ्याशी वाकलेल्या माळ्याला सलाम किंवा नमस्कार करावा, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. बादशहा आपल्याला भेटणार नाही, पण बागेचा आजचा राखणदार तोच आहे.

घरी परतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या मोहल्ल्यातील मशिदीच्या अंगणात किती झाडे आहेत? कबरस्तानातील कडुनिंबांना उन्हाळ्यात पाणी कोण घालतो? प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पशूने वा पक्ष्याने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या खात्यात दान म्हणून जमा होते. पूर्वजांच्या बागांचा अभिमान बाळगायला कष्ट पडत नाहीत. कबरस्तानात बादलीभर पाणी वाहून न्यायला पडतात. तिकीट काढून आपण परक्याच्या सावलीत बसून येतो; आपल्या सावलीत कोण बसणार आहे?

अल्लाह आपल्याला गर्वापासून आणि उधळपट्टीपासून दूर ठेवो आणि आपल्या हातांना पाणी घालण्याची बुद्धी देवो. आमीन.