निर्दोष कारणांची सुटका

छातीत धडधडतं असं आमच्या वरोऱ्यात कुणाला सांगितलं, की कारण जागच्या जागी मिळतं. चहा कमी करा. उन्हातान्हात फिरू नका. रात्री उशिरा जेवू नका. एवढं टेन्शन कशाला घेता? सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण तपास सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. ही धडधड काही वर्षं माझ्या सोबतीला आहे. तिचं कारण शोधता शोधता मला एक गोष्ट पटत गेली. कारण नसलेल्या गोष्टींना मोकळं करणं हे शोधाचं अर्धं काम आहे. ते राहून गेलं, तर जगणं विनाकारण आक्रसतं आणि खरा दोषी मोकाट राहतो.

धडधड म्हणजे काय, हे आधी नीट कळायला हवं. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. त्यातला एखादा ठरलेल्या वेळेआधी पडतो. मग हृदय नेहमीपेक्षा किंचित जास्त थांबतं, त्या थांब्यात अधिक रक्त भरतं आणि पुढचा ठोका छातीवर आतून धक्का मारल्यासारखा लागतो. आपल्याला वाटतं ठोका गळला. खरं तर तो लवकर येऊन गेलेला असतो. निरोगी माणसांच्या चोवीस तासांच्या नोंदीतही असे ठोके सापडतात. दुसऱ्या प्रकारात हृदयातल्या विद्युतलहरीला एक जादा वाट असते. लहर तिथे गोल फिरत राहते, नाडी एकाएकी दीडशेच्या वर जाते आणि तशीच एकाएकी थांबते. तिसरा प्रकार एट्रियल फिब्रिलेशनचा. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, नाडीला कसलाच ताल राहत नाही, आत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. रुग्णाचं गाऱ्हाणं तिन्ही वेळा एकच असतं, मात्र पहिल्याला बहुतेकदा धीर पुरतो, तर तिसऱ्याला उपचार लागतातच.

म्हणून एका ईसीजीवर समाधान मानता येत नाही. ती पट्टी साधारण दहा सेकंदांची असते. धडधड पहाटे झाली आणि पट्टी दुपारी काढली, तर ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ दुपारच्या त्या दहा सेकंदांपुरताच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी अंगावर बाळगायच्या यंत्राने दीर्घकाळ नोंद घेण्याची पद्धत १९६१ साली मांडली, ती याच अडचणीवर. आज हे होल्टर यंत्र लावताना रुग्णाला वेळा लिहून ठेवायला सांगतात. त्या वहीचं मोल दोन्ही बाजूंनी आहे. धडधड जाणवली तेव्हा ताल बिघडलेला होता, हे तिच्यातून कळतं. धडधड जाणवली तेव्हा ताल अगदी सरळ होता, हेही कळतं. दुसरं उत्तर ऐकून अनेकांना आपल्याला खोटं ठरवल्यासारखं वाटतं. तसं मानू नये. जाणीव खरीच असते. त्या वेळी तिच्यामागे तालाचा बिघाड नव्हता, एवढंच सिद्ध झालेलं असतं.

धडधडीबरोबर भोवळ आली, छातीत दुखलं, दम लागला, चढ चढताना किंवा पळताना ती सुरू झाली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर स्वतःवर प्रयोग करत बसायचं नाही. सरळ डॉक्टर गाठायचा. ही लक्षणं नसली तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन साध्या तपासण्या शंकेच्या कुठल्याही यादीआधी व्हायला हव्यात. थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की नाडी विश्रांतीतही धावते. हिमोग्लोबिन कमी असलं की प्रत्येक ठोक्यासोबत कमी प्राणवायू जातो आणि ती तूट भरायला हृदय ठोके वाढवतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. अशा ठिकाणी पाण्याचा हंडा उचलताना एखाद्या बाईची छाती धडधडते आणि घरातले म्हणतात, तिचा स्वभावच घाबरा. इथे स्वभावावर आळ येतो आणि रक्तातली उणीव सुटून जाते. हा अन्याय मला सर्वांत जास्त टोचतो, कारण लोहाच्या गोळ्या महाग नाहीत. महाग पडतो तो चुकीचा निकाल.

कारणांबद्दलची आपली खात्री किती कच्ची असते, हे एका अमेरिकन संशोधनातून दिसलं. कॅलिफोर्नियातल्या ग्रेगरी मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन होणाऱ्या रुग्णांनाच आपापला संशयित निवडायला सांगितलं. काही दिवस ती गोष्ट घ्यायची, काही दिवस टाळायची आणि रोज नोंद ठेवायची. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. सर्वाधिक संशय कॅफीनवर होता, आणि तो टिकला नाही. नोंदींमध्ये सातत्याने दोषी ठरलं ते मद्य. तरी यातून सगळ्यांसाठी एकच नियम काढता येत नाही. याच गटाच्या २०२३ च्या अभ्यासात कॉफीमुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यातले अवेळी ठोके वाढले नाहीत, पण खालच्या कप्प्यातले थोडे वाढले. म्हणजे एकच पेला एका तक्रारीत निर्दोष आणि दुसरीत संशयित असू शकतो. ज्याचा त्याने पुरावा पाहावा. दारूचंच बघा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली, २०२१ साली उठली. त्या सगळ्या वादात संसार, गुन्हे आणि महसूल यांवर पुष्कळ बोललं गेलं. हृदयाच्या तालाचा मुद्दा मी तरी ऐकला नाही.

इथल्या मातीतले संशयित आणखी वेगळे आहेत. मे अखेरच्या नवतपात पारा ४७ अंशांच्या आसपास पोचतो. घामावाटे पाणी आणि क्षार जातात, रक्ताचं आकारमान घटतं, त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि हृदय वेग वाढवतं. पन्हं, मठ्ठा, पाणी, दुपारची सावली ही आपल्याकडची समजूत शरीरशास्त्राला धरून आहे. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, हाही इथला एक संशयित. तंबाखूतलं निकोटीन शरीरातलं ॲड्रेनालिन वाढवतं आणि नाडी वेग घेते. सोबतच्या सुपारीतली द्रव्यंही ठोके वाढवतात. तरीही धडधडीचा विषय निघाला की आपण चहाच्या कपाकडे बोट दाखवतो, खिशातल्या पन्नीकडे नाही. खर्रा इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्यावर संशय घ्यायचं सुचतच नाही. ज्याच्यावाचून करमत नाही, त्याला आपण साक्षीलासुद्धा बोलावत नाही.

शिवाय कारणं क्वचितच एकटी येतात. रात्रपाळीचं जागरण, सकाळपासून पोटात काही नाही, त्यावर दोन कप चहा आणि मग उन्हातला प्रवास. अशा दिवशी धडधड झाली तर आठवतो तो शेवटचा चहा, कारण तो सगळ्यात जवळचा. आधीची रात्र विसरली जाते. आणि चहा पिऊनही काही झालं नाही असे कितीतरी दिवस आपण मोजतच नाही.

चुकीच्या कारणाची किंमत काय असते, हे वरोऱ्याला कुणी शिकवायला नको. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ सालीच दाखवून दिला होता. तरी त्यानंतर कितीतरी पिढ्या या रोगाचं कारण पूर्वजन्मीचं पाप मानलं गेलं आणि माणसं घराबाहेर काढली गेली. बाबा आमटे याच गावात वकिली करत होते. ती सोडून त्यांनी मैला वाहण्याचं काम हाती घेतलं. त्या काळात रस्त्यात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते भयाने पळाले. मग परत फिरले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकताना जंतूंच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचं शरीर देऊ केलं. त्यांचं कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन उभं राहिलं ते सेवेवर, हे आपण सांगतोच. त्याच्या पायाशी आणखी एक गोष्ट आहे: भय जे सांगतं ते पुरावा म्हणून न स्वीकारणं.

धडधडीत भयाचं काम फार जवळून दिसतं. एक ठोका जोरात लागतो, मन दचकतं, ॲड्रेनालिन वाढतं, पुढचे ठोके आणखी जोरात लागतात, आणि मनाला वाटतं आपली भीती खरी ठरली. मग हात सारखा मनगटाकडे जातो. कारणं शोधण्याचा नादही याच वाटेने जाऊ शकतो. आज चहा बंद, उद्या लग्नाकार्याला जाणं बंद, परवा एकट्याने नागपूरची बस पकडणं बंद. प्रत्येक बंदीनंतर थोडं बरं वाटतं, कारण भीती क्षणभर निवते. धडधडीचा त्या गोष्टीशी संबंध होता का, हा प्रश्न तसाच राहतो.

यातून वाट काढताना मला शेजारच्या गडचिरोलीचा आधार वाटतो. तिथे काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. झटका आणि धडधड हे दोन वेगळे आजार आहेत. पण आपल्या आजाराकडे संशोधकाच्या नजरेने पाहता येतं, आहार, व्यायाम आणि मन यांची सलग तपासणी करता येते, हे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकाने मराठी घरांत पोचवलं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं आधीचं काम. गावातल्या ज्या दायांना मोजता येत नव्हतं, त्यांना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधं साधन बनवलं. श्वास किती पडले यावर उपचार ठरत. मोजणी सुरू कधी करायची आणि कधी थांबवायची, हे आधीच ठरलेलं असे. मोजण्यातून शहाणपण येतं ते या मर्यादेमुळे. दिवसभर नाडी चाचपणाऱ्याच्या मोजणीत ती मर्यादाच नसते.

मी हीच शिस्त पाळतो. एका वेळी एकच प्रश्न. तो शोध सुरू करण्याआधी लिहायचा, ठरावीक मुदत द्यायची, आणि धडधड न झालेले दिवसही तितक्याच इमानाने नोंदवायचे. डॉक्टरांनी दिलेलं औषध या प्रयोगात बंद करायचं नाही. मुदत संपली की निकाल लावायचा आणि वही मिटायची. माझ्या वहीत जागरण आणि अपुरं पाणी वारंवार एकत्र सापडली. चहा सुटला. माणसांत मिसळण्यावर मी घेतलेला संशयही सुटला, आणि ती सुटका मला कुठल्याही गोळीइतकी मोलाची वाटते. अधूनमधून धडधड अजून होते. कारण न सापडलेली धडधडही असते, आणि तपासण्या नीट झालेल्या असतील तर तिच्यासोबत कामं करत राहता येतं.

पण हिशेब इथे पुरा होत नाही. मला झोप सांभाळता येते, दुपारी सावलीत बसता येतं. आमच्या जवळच्या एकोना-माजरीच्या खाणपट्ट्यात पाळी करणाऱ्याला, मे महिन्यात वीटभट्टीवर उभ्या असलेल्या बाईला तुमच्या धडधडीचं कारण उष्णता आणि जागरण आहे असं सांगणं म्हणजे निदान झालं, उपाय झाला नाही. त्यांचा दोषी त्यांच्या सवयींत बसलेला नाही. तो कामाच्या वेळांत, नसलेल्या सावलीत, न झालेल्या रक्ततपासणीत आहे. चहाला, स्वभावाला, नशिबाला निर्दोष सोडलं की ही खरी कारणं उघडी पडतात, आणि ती दूर करण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर ढकलता येत नाही.