रडण्याचं तिकीट

रांगेत उभं राहून पैसे भरायचे, तोटा विकत घ्यायचा आणि वर टाळ्या वाजवायच्या, असं एकही गिऱ्हाईक आमच्या बँकेत आजवर आलेलं नाही. नाट्यगृहात मात्र हा व्यवहार रोज चालतो. लोक तिकीट काढून करुण पद ऐकतात, डोळे पुसतात, मध्यंतरात बटाटेवडा खातात आणि उरलेलं रडायला पुन्हा आत जातात. आम्ही पडलो बी.कॉम. दुःखात दुःख मिळवलं की बेरीज वाढायला हवी; इथे माणूस हलका होऊन बाहेर येतो!

प्लेटोला ही बेरीज मान्य नव्हती. ‘रिपब्लिक’मध्ये त्यानं आदर्श राज्यातून रडके आणि सुस्तावणारे स्वरमेळ सरळ हद्दपार केले, शौर्याचे नि संयमाचे तेवढे ठेवले. आपले भरतमुनी जास्त व्यवहारी. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत त्यांनी करुणाला रीतसर जागा दिली, आणि गांधार-निषाद हे दोन स्वर त्याच्या नावावर चढवूनही टाकले.

अमुक संगीतानं तमुक होतंच, या खात्रीचं पुढे काय होतं तेही पाहा. १९९३ साली अमेरिकेत काही कॉलेजच्या पोरांना दहा मिनिटं मोत्सार्ट ऐकवला. आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत ती जरा पुढे गेली, तेही जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्या भांडवलावर १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तिथल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला शास्त्रीय संगीत वाटायचं म्हणून १ लाख ५ हजार डॉलर मागितले. (बाळांना कोणी विचारलं नव्हतं.) पुढे दुसऱ्या संशोधकांनी मोत्सार्टऐवजी नुसती गोष्ट ऐकवून पाहिली, तर ज्यांना गोष्ट जास्त आवडली ते गोष्टीनंतर पुढे! म्हणजे गुण मोत्सार्टचा कमी आणि आवडीचा जास्त.

आता आवड ज्याची त्याची म्हटल्यावर दुसऱ्याला परस्पर गाणं पाजायचा अधिकार कोणाला? खातेदाराच्या सहीशिवाय आम्ही पन्नास रुपये काढू देत नाही. माणसाच्या दुःखावर मात्र कोणीही येऊन सही ठोकतो.

आमच्या शेजारच्या अप्पांची बायको गेली. तेरावं झाल्यावर मुलानं त्यांच्या मोबाईलमध्ये ‘मूड फ्रेश’ करणारी साठ गाणी भरून दिली. पोरगा मायेनंच करत होता, त्याबद्दल वाद नाही. अप्पांनी दोन दिवस ती सोसली. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला भिंतीपलीकडून मारवा सुरू झाला. पोरगा घाबराघुबरा होऊन माझ्याकडे.

“काका, अशानं ते आणखी खचतील हो!”

“अरे, मारव्यात षड्ज सारखा टाळतात,” मी म्हटलं. “स्वर भटकत राहतो, लवकर घरी पोचतच नाही. अप्पांचं सध्या तेच चाललंय. भटकू दे की, सोबत मिळालीय त्यांना.”

त्याला पटलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी गॅलरीत अप्पांशेजारी त्याचीही खुर्ची दिसली. मारवा चालू होता. पोराच्या कानात त्याची स्वतःची गाणी होती, पण चहाचे कप दोन होते.