ओळखीचा दगड

अंबेनळी घाटात बेसाल्टचे थर सारखेच काळे दिसतात. पोलादपूरचा थर कुठे संपला आणि अंबेनळीचा कुठे सुरू झाला, हे भूवैज्ञानिकाला बेरियम, स्ट्रॉन्शियमसारख्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प प्रमाणावरून कळतं. यंत्र आकडा देतं, पण तो कशाच्या भरवशावर खरा मानायचा? म्हणून आधी त्याच यंत्रात एक ओळखीचा दगड मोजतात. बीएचव्हीओ-२ हा त्यातलाच, हवाईत हालेमाउमाऊ विवरातून १९१९ साली उतू गेलेल्या लाव्ह्याची पिठासारखी बारीक भुकटी. प्रमाणपत्रावर बेरियमपुढे लिहिलेलं असतं: दहा लाख भागांत १३०, अधिक-उणे १३. त्या अधिक-उण्यापुढे मी नेहमी थबकतो.

कारण ओळखीच्या दगडाची ओळख पटवणार कोण? रोड आयलंडमधल्या वेस्टर्लीचा ग्रॅनाइट जी-१ आणि व्हर्जिनियातला डायबेस डब्ल्यू-१ दळून अनेक प्रयोगशाळांना पाठवले गेले. फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये निकाल छापले. एकाच भुकटीची उत्तरं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त विखुरली होती. एवढ्या निष्णात हातांमधला मतभेद त्यांनी झाकला नाही, याचं मला फार मोल वाटतं. त्या विखुरलेपणातूनच पुढचं सगळं काम उभं राहिलं.

बहुमतही पुरेसं नसतं. ग्रॅनाइटमधला झिरकॉन आम्लात सहजी विरघळत नाही. दहा प्रयोगशाळांनी उघड्या भांड्यात तेच आम्ल वापरलं, तर दहाही जणांचं त्यातलं झिरकोनियम कमी भरेल, आणि आकडे मात्र एकमेकांशी छान जुळतील. म्हणून कुणी लिथियम बोरेटसोबत भुकटी वितळवून पाहतं, तर कुणी एक्स-किरणांनी मोजतं. वेगळ्या वाटेने आलेल्याची साक्ष इथे जास्त वजनदार. दळण्यातही जपावं लागतं. टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळलेल्या नमुन्यात चक्कीचंच टंगस्टन आणि कोबाल्ट उतरतं, मग त्या दोन आकड्यांवर कुणी विसंबत नाही. बाटली बराच काळ उभी राहिली असेल, तर वजन करण्याआधी ती हळुवार फिरवून घ्यावी लागते, कारण जड कण तळाशी गेलेले असतात.

आणि हे दगड संपतातही. जी-१ वाटून संपला, तेव्हा त्याच्या जागी आलेला जी-२ वेस्टर्लीच्याच ग्रॅनाइटचा होता. तरी जुने आकडे त्याला लावता आले नाहीत. नव्या बाटल्या भरून प्रयोगशाळांकडे पाठवाव्या लागल्या, आणि सिलिकापासून सगळं पुन्हा मोजावं लागलं.